आधी घर तपासा, मग गिटार

जुनी इलेक्ट्रिक लॅप स्टील ॲम्पला जोडली आणि तार छेडण्याआधीच स्पीकर घुमू लागला, की बहुतेकांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. वाद्याचे वय सत्तर-ऐंशी वर्षे, तेव्हा बिघाड त्याच्याच पोटात असणार, असे मनाने आधीच ठरवलेले असते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. अशा वाद्यातून ऐकू येणारा नकोसा आवाज बहुतेक वेळा वाद्याबाहेर तयार होतो. वाद्य तो पकडते आणि आपल्यापर्यंत पोचवते, इतकेच. म्हणून तपास भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावा आणि ॲम्प, केबल, जॅक असे करत तारांपर्यंत यावे. वाद्य उघडण्याची पाळी सगळ्यात शेवटी. यात नुसता सावधपणा नाही, हिशेबही आहे. जुन्या वाद्यातली वायर कापडी वेष्टनाची असते, ती दोन-चारदा वाकवली की वेष्टन भुसभुशीत होऊन गळू लागते. पिकअपची कॉइल केसाहून बारीक तारेची असते. तिच्यावरून हत्यार निसटले तर ती पुन्हा गुंडाळून घेण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि नव्याने गुंडाळलेल्या कॉइलचा आवाज तोच राहील याची हमी कोणी देत नाही. जी शंका घरातला एक स्विच बंद करून फिटू शकते, तिच्यासाठी ही जोखीम घेऊ नये.

हे वाद्य आपल्याकडे हवाईयन गिटार या नावाने रुळले. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि कोलकात्यात सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ते घराघरांत पोचवले. त्याचा विजेवरचा जन्म मात्र लॉस एंजेलिसचा. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची लॅप स्टील बाजारात आणली. घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक, त्यांच्या कवेत तारा आणि तारांखाली एकच कॉइल, अशी तिची रचना होती. एका कॉइलचे हे तत्त्व पुढच्या बहुतेक जुन्या लॅप स्टीलमध्ये कायम राहिले, आणि सगळी गोम तिथेच आहे. कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की तिच्यात वीज निर्माण होते. ते क्षेत्र तार थरथरल्यामुळे बदलले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे, हे कॉइलला कळत नाही. ही गोष्ट १९३२ मध्येही तितकीच खरी होती. बदलले आहे ते घर. ट्यूबलाइट बाजारात आली १९३८ मध्ये, म्हणजे फ्राइंग पॅननंतर सहा वर्षांनी. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्यातला ड्रायव्हर, इन्व्हर्टर ही सगळी त्यानंतरची मंडळी. वाद्याच्या कानात फरक पडलेला नाही, त्याच्याभोवतीचा गलबला वाढला आहे.

यावर कोणी म्हणेल की जुने भाग झिजतातच, मग त्यांना निर्दोष कसे ठरवायचे? झिजतात, यात वाद नाही. पण झिजलेल्या भागाचा आवाज वेगळा असतो. व्हॉल्यूमचा पॉट खराब झाला तर तो फिरवताना खरखर होते. जॅकची पाती सैल झाली असेल तर केबल हलवली की आवाज तुटतो. पिकअपचा चुंबक क्षीण झाला असेल तर हमिंग वाढत नाही, तारेचा आवाज घटतो. आपण ॲम्प वर चढवतो आणि हमिंगही सोबत वर येते. कारण वेगळे म्हणून उपायही वेगळा: अशा वेळी पिकअप तारांच्या थोडा जवळ आणता येत असेल तर आणावा. वाद्यातल्या बिघाडाला स्वतःची अशी चाल असते. ती ओळखायला आधी सतत येणाऱ्या आवाजाचे दोन प्रकार कानाने वेगळे करता आले पाहिजेत.

पहिला प्रकार खोल, गोलसर, एकाच स्वरावर स्थिर असलेला ‘घुंऽऽ’. ध्वनिव्यवस्था पाहणारे लोक याला हमिंग म्हणतात, तोच शब्द मी वापरतो. दुसरा प्रकार धारदार, तळणीत मोहरी तडतडावी तसा. त्याला चरचर म्हणू. हमिंग बहुधा चुंबकीय मार्गाने येते: ट्रान्सफॉर्मर, मोटर किंवा जुना चोक जे क्षेत्र पसरवतो, ते कॉइलमध्ये शिरते. चरचर विद्युत क्षेत्राच्या मार्गाने येते: उघडी वायर, शिल्डिंग नसलेला कप्पा आणि स्वतः वादकाचे शरीर हे सगळे अँटेनाचे काम करतात. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. तांब्याची पट्टी चिकटवून चरचर कमी होते, पण ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र त्या पातळ पट्टीतून सहज आरपार जाते. अनेकांनी वाद्याचा कप्पा तांब्याने मढवून घेतला आणि हमिंग जसेच्या तसे राहिले, याचे कारण हेच.

स्वरज्ञान असेल तर वाद्यच मीटरचे काम करते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कॉइलने पकडलेले हमिंग त्याच स्वराचे असते, तर ॲम्पच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर वाळले असतील तर येणारे हमिंग बहुतेक ॲम्पमध्ये त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचे असते. ई ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला बोलते. तिच्यावर धातूचा बार तिसऱ्या खुणेवर ठेवला की ९८ हर्ट्झ मिळतात. तिथून पुढच्या खुणेपर्यंतच्या अंतराचा साधारण एक-तृतीयांश पुढे सरकवा, की १०० हर्ट्झ. हमिंग या स्वराशी मिळून जात असेल तर संशय ॲम्पच्या पॉवर सप्लायवर घ्यावा; ते एक सप्तक खाली असेल तर जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरवर. लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवू शकत नाही, आपल्याला वरचे अंशस्वरच ऐकू येतात, म्हणून फोनवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपने खात्री करून घेतलेली बरी. अमेरिकेतली माहिती वाचताना तिथली वीज ६० हर्ट्झची आहे हे विसरू नये. तिकडे हेच आकडे ६० आणि १२० होतात.

आता माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा, आणि तो प्रत्येकाने स्वतः तपासून पाहावा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा सराव-ॲम्प मिळवा. लॅप स्टील त्याला जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, आवाज ऐका. मग घराचा मेन स्विच बंद करा. हमिंग आणि चरचर त्याच क्षणी खाली बसली, तर वाद्याला हात लावायचे कारण उरले नाही. आता बाकीचे सगळे एमसीबी खाली पाडा, मेन सुरू करा आणि ते एकेक करून चढवा. ज्या एमसीबीबरोबर आवाज परत येतो, त्याच्यावरची उपकरणे एकेक करून बंद केली की गुन्हेगार सापडतो. कधी पंख्याचा रेग्युलेटर असतो, कधी पलंगाशेजारचा स्वस्त चार्जर. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या भिंतीतली वायरिंग चालूच राहते, म्हणून पूर्ण शांतता मिळाली नाही तर गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात हाच प्रयोग करावा. तिथेही, विजेच्या तारांपासून दूर, चरचर तशीच राहिली तर मात्र वाद्यात शोधायला सबळ कारण आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की चरचर एकदम वाढते, अशीही तक्रार असते. तो इन्व्हर्टर बहुधा चौकोनी लहरींचा असतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हा त्यावरचा उपाय, गिटारची दुरुस्ती नव्हे.

गिटार वाजवणाऱ्यांना एक सल्ला नेहमी मिळतो: खुर्चीत बसल्या जागी फिरून पाहा, एका कोनात हमिंग नाहीसे होईल. उभ्या धरलेल्या गिटारसाठी तो योग्य आहे. लॅप स्टील मांडीवर आडवी असते, तिच्या बहुतेक पिकअपांमधल्या कॉइलचा अक्ष छताकडे रोखलेला असतो, आणि तुम्ही खुर्चीत फिरलात तरी तो अक्ष छताकडेच राहतो. त्यामुळे फरक फारसा पडत नाही आणि सल्लाच खोटा वाटू लागतो. इथे वाद्य तिरके करून पाहायचे. एक कड उचलली आणि हमिंग घटत गेले, तर चुंबकीय मार्ग सिद्ध झाला. पण तिरके धरून वाजवता येत नाही, म्हणून उपाय दुसऱ्या बाजूने करावा: ॲम्प हलवा. ट्रान्सफॉर्मरजवळचे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरते, अंतर दुप्पट केल्यावर ते निम्म्याहून बरेच कमी होते. मांडीशेजारी ठेवलेला ॲम्प दोन-तीन मीटर दूर नेऊन नव्वद अंशांत वळवला तर जो फरक पडतो, तो वाद्यात पैसे घालून क्वचितच मिळतो.

ॲम्पची झाडाझडती सोपी आहे. गिटारवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर तो पिकअपमधून येत नाही. तो केबलचा किंवा ॲम्पचा. केबल गिटारमधून काढून ऐकण्याची चूक करू नका, कारण मोकळी लोंबणारी केबल स्वतःच अँटेना होते. केबल ॲम्पमधूनच काढावी. जुन्या ॲम्पमध्ये रिकामा जॅक आपोआप शॉर्ट होतोच असे नाही, म्हणून एका सुट्या प्लगची दोन टोके आत जोडून तो इनपुटमध्ये घालावा. तरीही हमिंग असेल तर ॲम्प दुरुस्तीला न्यावा. तो स्वतः उघडू नये; व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तीनशे व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. अमेरिकेतून आलेल्या ॲम्पबाबत आणखी एक गोष्ट: ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याच्या लोखंडावरचा चुंबकीय भार सुमारे २० टक्के वाढतो. तो जास्त तापतो आणि जास्त क्षेत्र बाहेर सांडतो. व्होल्टेज ११० केले म्हणजे सगळे जमले, असे नसते. ज्या स्टेप-डाउन पेटीतून ते ११० मिळवले, तीही एक ट्रान्सफॉर्मरच आहे. तिला गिटारपासून लांब ठेवा.

इथे सुरक्षिततेचा विषय येतो, आणि त्यावर घाईने पुढे जाणे मला मान्य नाही. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन काढली की हमिंग जाते, असा अनुभव पुष्कळजण सांगतात. कधी कधी ते खरेही असते: ॲम्प आणि रेकॉर्डिंगचे यंत्र दोन वेगळ्या जागी अर्थ झालेले असतील तर त्यांच्यातून वर्तुळात विद्युतप्रवाह वाहतो आणि हमिंग येते. पण एक गिटार, एक केबल, एक ॲम्प असेल तर असे वर्तुळ होतच नाही, आणि अर्थ काढून फक्त संरक्षण जाते. लॅप स्टील वाजवणाऱ्याच्या एका हातात धातूचा बार असतो, दुसऱ्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या, आणि दोन्ही हात सतत तारांवर. ॲम्पच्या चॅसिसवर वीज उतरली तर ती तारांवर येते, आणि तुमचे पाय ओल्या फरशीवर असतील किंवा ओठ मायक्रोफोनला लागले असतील तर ती शरीरातून वाट काढते. वर्तुळाचा उपाय म्हणजे सगळी उपकरणे एकाच बोर्डवर लावणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशनचा ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घालणे. त्याहून मोठा धोका १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या काही छोट्या, शिकाऊ वादकांसाठी केलेल्या ॲम्पमध्ये आहे. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतोच. व्हॉल्व्हवरचे आकडे ३५ आणि ५० ने सुरू होताना दिसले तर तोच प्रकार समजावा. अशा ॲम्पचे चॅसिस घरच्या विजेशी थेट जोडलेले असू शकते. बाजारात मिळणारी बरीचशी स्टेप-डाउन यंत्रे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, ती व्होल्टेज कमी करतात पण वीज वेगळी पाडत नाहीत. असा ॲम्प योग्य क्षमतेच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावूच नये. जुन्या वाड्यात किंवा चाळीत सॉकेटचे तिसरे भोक अनेकदा नुसते शोभेचे असते, त्याच्यामागे अर्थिंगची वायर नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

हे सगळे पार पडूनही चरचर राहिली तर वाद्याकडे वळायचे, आणि तेही न उघडता. बार आणि नख्या बाजूला ठेवा, तारांना उघड्या बोटाने स्पर्श करा. आवाज घटला तर तारा ग्राउंडला जोडलेल्या आहेत आणि सर्किटचा हा भाग ठीक आहे. तुमचे शरीर अँटेना होते, ते आता गप्प झाले. काहीच फरक पडला नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावल्यावर आवाज घटला, तर तारा ग्राउंड नाहीत. जुन्या लॅप स्टीलमध्ये हे वारंवार दिसते, कारण अनेक वाद्यांत घोडी लाकडात किंवा बेकेलाइटमध्ये बसवलेली असते आणि तिच्यापर्यंत वायर नेलेलीच नसते, किंवा नेलेली वायर कधीतरी तुटलेली असते. मल्टिमीटरचे एक टोक जॅकच्या बाहेरच्या कडेला आणि दुसरे तारेला लावा. एखाद्या ओहमच्या आसपास आकडा आला तर जोड आहे. स्पर्शाने आवाज वाढत असेल तर संशय उलट्या जोडणीवर: एखाद्या दुरुस्तीत पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल होऊन बाहेरचे धातूचे झाकणच सिग्नलच्या बाजूला गेलेले असते. आणखी एक खूण आहे. आवाज बारीक, पोकळ झाला आहे आणि चरचर मात्र भरपूर, अशी जोडी असेल तर कॉइल तुटलेली असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा. काही हजार ओहम आले तर कॉइल जिवंत आहे. आकडा थेट पॉटच्या किमतीइतका, म्हणजे २५० किंवा ५०० किलो-ओहमच्या घरात आला, तर मीटरला कॉइल दिसतच नाही.

इतक्या खटाटोपाऐवजी हमबकर का बसवू नये, हा आक्षेप रास्त आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला तो पिकअप हमिंगवरचा खरा इलाज आहे: दोन कॉइल आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या उलट ठेवले की दोन्हींतले बाहेरचे हमिंग एकमेकांना मारते आणि तारेचा सिग्नल जमा होतो. पण तो तारेला एकाऐवजी दोन जागी ऐकतो, त्यामुळे वरच्या अंशस्वरांची तकाकी कमी होते. ज्या आवाजासाठी जुने वाद्य घेतले, तोच आवाज काढून टाकून शांतता मिळवायची असेल तर नवी लॅप स्टील घ्यावी. ती स्वस्तही पडेल आणि एक जुने वाद्य शाबूत राहील. नॉइज गेटबद्दल मी याहून ठाम आहे. गेट हलका आवाज आला की दार बंद करतो. लॅप स्टीलचे सौंदर्य नेमके त्या हलक्या आवाजात आहे: बार सरकत सरकत मींड विरत जाते, शेवटचा स्वर हवेत रेंगाळतो, आणि तिथेच गेट तो कापतो. ठेक्यात वाजणाऱ्या गिटारला तो चालेल, इथे नाही. थोडे हमिंग उरले तर उरू द्यावे. तार वाजू लागली की ते तिच्याखाली झाकले जाते.

काही वेळा चरचर विजेची नसतेच. केबल काढून कोरडे वाजवून पाहा. तरीही झणझण ऐकू आली तर एखादा सैल स्क्रू, खुंटीची नट किंवा बार पुरेसा दाबला न जाणे हे कारण असते. ठरावीक स्वरावरच ॲम्पमधून घरघर येत असेल तर स्पीकरचा कोन पाहावा.

शेवटी तारांसाठी ग्राउंडची वायर टाकायचीच ठरली, तर बेकेलाइटला भोक पाडू नका. तो ठिसूळ असतो, चटकन तडकतो. घोडीचा एखादा स्क्रू आतल्या कप्प्यात डोकावत असेल तर त्याच्याभोवती वायरचा वेटोळा घालून स्क्रू कसला तरी जोड होतो, सोल्डरची गरज पडत नाही. वायरचे दुसरे टोक पॉटच्या पाठीवर जोडताना मोठ्या टोकाचे सोल्डरिंग आयर्न वापरून काम दोन-तीन सेकंदांत उरकावे, कारण तापत राहिलेला पॉट आतून खराब होतो. कापडी वायर बदलावी लागली तर काढलेली वायर फेकू नका; तिला चिठ्ठी लावून पाकिटात घाला आणि केसच्या कप्प्यात ठेवा. काम सुरू करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, आणि पॉटची पाठ विशेष नीट पाहा. तिच्यावर ठोकलेल्या आकड्यांत अनेकदा बनवणाऱ्याचा संकेतांक, वर्ष आणि आठवडा असतो, आणि वाद्याचे वय सांगणारा तोच एक पुरावा हाती असू शकतो. सोल्डरचा डाग त्या आकड्यांवर पसरू न देता कडेला द्यावा.